कागदी पॉपी: ब्रिटनमध्ये नोव्हेंबरात लावतात त्या लाल फुलाचा रिव्ह्यू

ऑक्टोबर संपत आला की ब्रिटनमध्ये सुपरमार्केटच्या दारात, स्टेशनवर डबा आणि लाल फुलांचा ट्रे घेऊन माणसं उभी दिसायला लागतात, कधी कधी त्यात छातीवर मेडल्स लावलेले आजोबाही असतात. ही फुलं म्हणजे रॉयल ब्रिटिश लीजन या माजी सैनिकांसाठीच्या संस्थेची पॉपी, युद्धात गेलेल्यांची आठवण म्हणून छातीवर लावायची. आता एनॅमलचे बॅज, खड्यांचे ब्रोच, स्कार्फ, काय वाट्टेल ते मिळतं पॉपीच्या नावाने, पण माझं मत पहिल्यांदाच सांगून टाकते, घ्यायची तर साधी कागदी घ्या.

२०२३ मध्ये हिचं डिझाइन बदललं, तब्बल २८ वर्षांनी. आधी देठ आणि मधला काळा भाग प्लास्टिकचा असायचा, आता सगळीच कागदाची. तो कागदही खास बनवून घेतलेला, त्यातला निम्मा धागा कॉफीचे कप बनवताना जो कचरा उरतो त्यातून काढलेला आहे, त्यामुळे काम झालं की घरच्या पेपरच्या रिसायकलिंगमध्ये सरळ टाकता येते. हातात घेतली की पाकळी बऱ्यापैकी जाड लागते, पानाला मध्ये एक घडी आहे त्यामुळे ते अगदी सपाट बसत नाही, आणि काळ्या मध्यावर बोट फिरवलं तर ‘पॉपी अपील’ (लीजनच्या या वर्गणीचं नाव) ही उठावाची अक्षरं जाणवतात. लावायला पिन चालते, काजात खोचता येते, नाहीतर स्टिकरवाली पण मिळते. लहान मुलांना स्टिकरवालीच द्या. जाड लोकरी कोट असेल तर मी पिनच लावते, आणि तिकडचा नोव्हेंबर म्हणजे पाऊस, कागद तो कागदच, त्यामुळे छत्री नसेल तर कोटाच्या आत स्वेटरला लावलेली बरी.

कागदीच का म्हणते त्याला कारण आहे. १९२१ ला लीजन नवीन होतं तेव्हा पहिल्या वर्षीची फुलं फ्रान्सहून आली होती, ॲना गेराँ नावाच्या फ्रेंच बाईंनी पॉपी लावायची कल्पना देशोदेशी फिरून पोचवली, तिकडच्या पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या भागातल्या बायका ही फुलं बनवायच्या. जवळजवळ ९० लाख फुलं हातोहात संपली आणि १ लाख ६ हजार पौंड जमले, त्या काळात ही रक्कम प्रचंड होती. मग १९२२ मध्ये मेजर जॉर्ज हॉसन यांनी लंडनला ओल्ड केंट रोडवर युद्धात अपंग झालेल्या सैनिकांना घेऊन कारखाना काढला, आणि फूल असं डिझाइन केलं की ज्याचा एक हात गेलाय त्यालाही ते जोडता यावं. मला या अख्ख्या गोष्टीतला हा भाग सगळ्यात जास्त भिडतो. फूल साधं आहे ते मुळात बनवणाऱ्याच्या हाताकडे बघून साधं केलंय, त्याला खडे लावून काय मिळवायचंय?

आणि हे फूलच का, तर फ्लँडर्समध्ये, म्हणजे बेल्जियमच्या ईप्र भागात, तोफांनी जमीन उकरून निघाली होती. या रानटी लाल पॉपीचं बी मातीत वर्षानुवर्षं गप पडून राहतं, माती वरखाली होऊन उजेड लागला की उगवतं, त्यामुळे खंदकांच्या आणि कबरींच्या आजूबाजूला हीच फुलं उगवली. (अफूची ती वेगळी, ही नव्हे.) तिथेच मे १९१५ मध्ये जॉन मॅक्रे या कॅनेडियन डॉक्टरने मित्र गेल्यावर याच फुलांची कविता लिहिली, ती वाचून १९१८ मध्ये अमेरिकेत मोइना मायकल यांनी पॉपी लावायला सुरुवात केली, पुढचं वर आलंच.

आता आपल्यासाठी महत्त्वाचं. बरेच मराठी लोक म्हणतात हे गोऱ्यांचं, आपला काय संबंध. अहो संबंध आहे! पहिल्या महायुद्धात अविभाजित भारतातले १० लाखांहून जास्त लोक समुद्रापार गेले, ७४ हजारांच्या आसपास परत आले नाहीत. फ्रान्समध्ये नव शापेलला भारतीयांचं स्मारक आहे, ज्यांची कबरही माहीत नाही अशा ४,७०० च्या वर लोकांची नावं तिथे कोरलीत. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुतच्या वेढ्यात सहावी पूना डिव्हिजन अडकली होती, त्यात मराठा पलटणी होत्या, खायला उरलं नाही म्हणून एप्रिल १९१६ मध्ये शरण जावं लागलं आणि त्यानंतर कैदेत किती मेले. या सगळ्या भारतीय सैनिकांची आठवण म्हणून लीजनने २०१८ मध्ये खादीच्या पाकळ्यांची पॉपी काढली होती. ती कुठे मिळाली तर नक्की घ्या, कागदीनंतर मी फक्त तिलाच मानते.

एक गोष्ट मात्र अजिबात पटत नाही, ती फुलाची नाही, लोकांची. टीव्हीवर कोणी पॉपी लावली नाही की लगेच आरडाओरडा. ज्याला नको त्याला नको, आयर्लंडमधल्या कित्येकांना ब्रिटिश सैन्याची वेगळी आठवण आहे, ती काही खोटी नाही. १९३३ पासून पांढरी पॉपी पण आहे, को-ऑपरेटिव्ह विमेन्स गिल्ड या ब्रिटनमधल्या महिला संघटनेच्या बायकांनी काढलेली, युद्धात गेलेल्या सगळ्यांचीच, सैनिक नसलेल्यांचीही आठवण ठेवणारी, आणि पुन्हा युद्ध नको हे सांगणारी. दोन्ही शेजारी शेजारी लावणारे लोक आहेत आणि मला ते एकदम बरोबर वाटतं.

किंमत ठरलेली नाही, डब्यात जमेल तेवढं टाकायचं, आता बऱ्याच ठिकाणी कार्डही चालतं. पैसे माजी सैनिक आणि त्यांच्या घरच्यांसाठी जातात. डावीकडे लावायची की उजवीकडे यावर लोक उगाच वाद घालतात, लीजनचा तसा काही नियम नाही. ११ नोव्हेंबरला सकाळी ११ वाजता दोन मिनिटं शांतता असते, तेव्हा बाहेर असाल तर थांबा. आणि स्कॉटलंडमध्ये चार पाकळ्यांची, पान नसलेली पॉपी दिसली तर नकली समजू नका, ती एडिनबराच्या लेडी हेग कारखान्यातली, माजी सैनिकांनी बनवलेली असते, बिनधास्त घ्या.