तालीम खरी, पदवी खोटी

मी बी.कॉम. आहे, संगीतात विशारद झालेय आणि साताऱ्याजवळच्या एका शाळेत तासिका तत्त्वावर संगीत शिकवते. कॉलेजात शिकवायचं तर एम.ए. आणि वर नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा हवी. पण घरात दहावीची मुलगी आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. त्यामुळे पुण्याच्या ललित कला केंद्रात किंवा मुंबई विद्यापीठात राहून शिकणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. एका मैफलीच्या मध्यंतरात पत्रक हातात पडलं: ‘एम.ए. कंठसंगीत, फक्त शनिवार-रविवार, विद्यापीठाची पदवी, नेटसाठी पात्र’.

चौकशीला पुण्यात गेले तर वर्ग चालू होता. दोन जवारीदार तानपुरे लागलेले, मशीनचे नव्हेत. साठीचे एक गुरुजी पूरिया रागातला विलंबित ख्याल शिकवत होते. मंद्र निषादावरून कोमल ऋषभाकडे येताना त्यांनी असा काही ठहराव घेतला की मी दारातच उभी राहिले. मी फसले ती तिथे. ऑफिसात पोचेपर्यंत माझं सगळं ठरून गेलं होतं. इतकं चांगलं शिकवणारा माणूस जिथे आहे ती जागा खोटी कशी असेल?

दोन वर्षांचे ९६,००० रुपये, चार हप्त्यांत. पावती एका फाउंडेशनची, पैसे मात्र संचालकांच्या खासगी नंबरवर जीपे. ‘मॅडम, ट्रस्टच्या खात्याचं केवायसी चालू आहे.’ ते केवायसी दोन वर्षं चालूच होतं. पत्रकावर परराज्यातल्या एका खासगी विद्यापीठाशी ‘संलग्न’ असं छापलेलं होतं. दुसऱ्या वर्षी ‘संलग्नता बदलली, आता आपण संगीताच्याच विद्यापीठाकडे आहोत’ असं तोंडी कळलं. मला उलट आनंद झाला. मारवा, पूरिया, सोहनी या रागांचे सूर तेच, चलन वेगळं, हे मी मुलांना घोकून घेते. पण संलग्न, मान्यताप्राप्त, समकक्ष हे तीन शब्द मला एकसारखेच ऐकू आले.

परीक्षा आमच्याच हॉलमध्ये झाली. मंचप्रदर्शनाला बाहेरचे परीक्षक येणार म्हणून मी महिनाभर पहाटे उठून रियाज केला होता. गृहस्थ पाऊण तास उशिरा आले. मी पूरिया सुरू केला, चौथ्या आवर्तनाला त्यांचा फोन वाजला. ते बोलत बाहेर गेले आणि तबलजी माझ्याकडे बघत ठेका देत राहिला. परत येऊन म्हणाले, ‘छान, छोटा ख्याल राहू दे.’ संगीतशास्त्राचा पेपर पुस्तक उघडं ठेवून लिहिला तरी चाललं असतं, आणि दोघांनी तसाच लिहिला. मला ७८ टक्के मिळाले. तेव्हा शंका आली नव्हती असं म्हणणार नाही. आली होती, पण हप्ते भरून झाले होते.

पुढच्या जूनमध्ये एका कॉलेजात मुलाखतीला गेले. कागद तपासणारे हेडक्लार्क गुणपत्रिका उजेडाकडे धरून म्हणाले, ‘ताई, पीआरएन नंबर कुठाय?’ म्हणजे विद्यापीठ प्रत्येक विद्यार्थ्याला देतं तो कायमचा नोंदणी क्रमांक. मग त्यांनी अगदी खालच्या बारीक ओळीवर बोट ठेवलं: संस्था नोंदणी अधिनियम १८६०. ‘ह्या कायद्याखाली आमच्या गावचं वाचनालयपण नोंदलंय. ते पदवी देतं का?’

पदवी कोणी द्यायची हे यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, १९५६च्या कायद्यात, कलम २२ मध्ये, सरळ लिहिलेलं आहे: संसदेच्या किंवा विधिमंडळाच्या कायद्याने झालेलं विद्यापीठ, अभिमत (डीम्ड) विद्यापीठ, किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था. नावात नुसतं ‘विद्यापीठ’ असून भागत नाही. आणि पहिल्या पत्रकातली संलग्नताही मुळात शक्य नव्हती, कारण खासगी विद्यापीठाला दुसऱ्या संस्थांना संलग्न करून घेताच येत नाही. यूजीसीच्या संकेतस्थळावर विद्यापीठांची यादी आहे, बोगस विद्यापीठांची वेगळी आहे. मी बघितलं असतं तर पाच मिनिटं लागली असती. त्या परराज्यातल्या विद्यापीठाच्या कुलसचिव कार्यालयात फोन केला, तर त्यांनी आमच्या संस्थेचं नावच ऐकलेलं नव्हतं. हा फोन मी पहिला हप्ता भरण्याआधी करायला हवा होता.

विशारदचं प्रमाणपत्र आणि बी.कॉम. यांवर बऱ्याच विद्यापीठांत एम.ए. संगीताला रीतसर प्रवेश मिळतो, हेही मला त्या हेडक्लार्कनीच सांगितलं. म्हणजे मी आडवाटेला गेले ती गरज नसताना.

पोलिसांत अर्ज दिलाय. फसवणुकीचं कलम, पूर्वीचं ४२०, आता भारतीय न्याय संहितेचं ३१८. आमच्यापैकी सहा जणींनी सह्या केल्या, तिघींनी ‘नोकरी लागलीय, आता नको’ म्हणून नाही केल्या. त्या तिघींचं काय होणार, हा विचार अधूनमधून येतो. पैसे अजून आलेले नाहीत.

गुरुजींना भेटायला गेले तेव्हा मनात राग होता. चहा घेता घेता कळलं की त्यांचंही सात महिन्यांचं मानधन थकलंय. पदवीबिदवीचं त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. ‘पोरं गायला येतात, मी शिकवतो’ एवढंच. नव्या वर्षाचं पत्रक मी त्यांच्यासमोर ठेवलं. सगळ्यात वर त्यांचाच फोटो, तानपुऱ्यासकट. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ‘तुझ्या तक्रारीत एक ओळ घाल बाई. म्हणावं, ह्यांना न विचारता फोटो छापलाय.’