मूनड्रॉप चू २ : काही महिन्यांच्या वापरानंतर

दोन हजार रुपयांच्या आसपास मिळणाऱ्या वायरच्या इअरफोनचा आवाज जोखताना बहुतेक जण आधी बास किती दणकट आहे ते पाहतात. मी चीनमधल्या चेंगडूच्या मूनड्रॉप कंपनीचा, २०२३ मध्ये आलेला चू २ गेल्या पावसाळ्यापासून मुख्यतः ख्याल ऐकण्यासाठी वापरतो आहे आणि माझी कसोटी तानपुऱ्याची आहे. गायक काळी एकमध्ये गात असेल तर तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा सुमारे १३८ हर्ट्झवर आणि खर्जाची तार ६९ हर्ट्झवर लागते. पण जवारीमुळे, म्हणजे घोडीवर तार घासून उठणाऱ्या झणकारामुळे, कानावर येतात ते प्रामुख्याने या तारांचे वरचे उपस्वर. बास अवाजवी वाढवलेल्या इअरफोनवर खर्ज नुसता घुमतो आणि बाकीच्या तारा त्याखाली दडपल्या जातात. येथे चारही तारा वेगळ्या ओळखता येतात, शिवाय डग्ग्यावर मनगट दाबून काढलेली मींड शेवटपर्यंत ऐकू येते.

हे सारे इअरटिप, म्हणजे इअरफोनच्या तोंडावरची मऊ टोपी, कानात नीट बसल्यावरचे. टिपेच्या कडेने हवा निसटू लागली की सर्वांत आधी बास जातो, आणि मग इअरफोनच बेताचा आहे असा ग्रह होतो. माझे दोन्ही कान सारख्या मापाचे नाहीत, म्हणून डाव्या बाजूला मोठी आणि उजव्या बाजूला मधली टिप लावतो. ज्यांना आवाज पातळ वाटतो त्यांनी इक्वलायझरला हात लावण्याआधी टिपांची मापे बदलून पाहावीत.

गळ्याचा आवाज हे याचे खरे बलस्थान आहे. बाहेरचा कान आणि कर्णनलिका मिळून ३ किलोहर्ट्झच्या आसपासचा आवाज मुळातच उचलून धरतात. इअरफोन थेट नलिकेत बसत असल्याने ही नैसर्गिक वाढ बिघडते आणि ती ट्यूनिंगमध्येच, म्हणजे इअरफोनच्या आवाजाच्या जुळणीतच, भरून काढावी लागते. हरमन कंपनीत ध्वनिसंशोधक शॉन ऑलिव्ह आणि सहकाऱ्यांनी श्रोत्यांच्या पसंतीवरून जे लक्ष्यवक्र (कोणत्या कंपनसंख्येचा आवाज किती मोठा असावा हे दाखवणारे आलेख) मांडले, त्यांतही हा उंचवटा आहे. तो कमी पडला तर गायक पडद्याआड गेल्यासारखा वाटतो, जास्त झाला तर हार्मोनियम कानाला टोचते. चू २ मध्ये तो बेताचा आहे, त्यामुळे तार षड्जावर लांबवलेला आकार मी न दचकता ऐकू शकतो. जुन्या मैफलींच्या ध्वनिमुद्रणांतली टेपची खरखर मात्र तो लपवत नाही, आणि मला ते मान्य आहे. आलेख पाहून खरेदी करणाऱ्यांसाठी एक सूचना: मापनासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम कानात ८ किलोहर्ट्झजवळ दिसणारे शिखर बरेचदा त्या उपकरणातल्या अनुनादाचे असते आणि इअरफोन किती खोल बसवला यावर सरकते, त्यामुळे ‘स’, ‘श’ टोचतात का हे स्वतःच्याच कानाने ठरवावे.

आवाजाचा पसारा लहान आहे. सवाल-जवाबात सतार आणि तबला डावी-उजवीकडे स्पष्ट होतात, पण दोन्ही डोक्याच्या आतच राहतात. कानात घालायच्या स्वस्त इअरफोनकडून याहून अधिक अपेक्षा मी ठेवत नाही.

विद्युतरोध जेमतेम १८ ओहम असल्याने चू २ साध्या फोनवरही भरपूर मोठा वाजतो. फोनला ३.५ मिमी जॅक नसेल तर डोंगल, म्हणजे चार्जिंगच्या खोबणीत लावायचा छोटा जोड, लागतो. माझ्या पहिल्या, अगदी स्वस्त डोंगलमधून शांत आलापातही बारीक सूंऽ ऐकू येई, तो बदलताच ती गेली. वायर कानामागून वळवून घातल्यास कपड्यांवर घासल्याचा आवाजही कमी होतो. पहिल्या चूची वायर कायमची जोडलेली होती. येथे ती ०.७८ मिमीच्या दोन पिनांची आणि सुटी होणारी आहे, तोंडाची जाळीही बदलता येते. एका बाजूचा आवाज हळूहळू मंद होऊ लागला तर आधी ती जाळी मळाने बुजली आहे का ते पाहावे.