पाणी जिरलं, सोसायटी मात्र झाडांवर अडली

सेवा: सोसायटीच्या आवारात रेन गार्डन, म्हणजे पावसाचं पाणी जमिनीत जिरवणारा, झाडं लावलेला खोलगट खड्डा, करून देणे. ठिकाण: सहकारनगर, पुणे. पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा कुठे गेला ते लगेच कळेल, बाकीच्या एकासाठी थोडं थांबा.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने काय केलं, ते या भागात कुणाला सांगावं लागत नाही. आमची इमारत उतारावर आहे, म्हणजे आमच्या गच्चीचं पाणी खालच्यांच्या दारात. ते आवारातच जिरवायचं, असा ठराव वार्षिक सभेत दरवर्षी व्हायचा आणि चहाबरोबर संपायचा. शेवटी काम दिलं. मी खजिनदार, त्यामुळे बिलंही माझ्याकडे आणि तक्रारीही.

खोदकामाला पैकीच्या पैकी गुण. माणसांनी आधी छोटा खड्डा घेऊन त्यात पाणी भरलं आणि ते किती वेळात उतरतं हे घड्याळ लावून पाहिलं. वरची काळी माती पाणी धरून बसते, म्हणून ती काढून मुरूम लागेपर्यंत खणलं. तळाला खडी, वर वाळू, माती आणि कंपोस्ट. आमची गच्ची ३०० चौरस मीटरची आहे. ५० मिलिमीटर पाऊस झाला की १५,००० लिटर पाणी येतं. तेवढं एका वेळी खड्ड्यात मावत नाही, म्हणून जादाच्या पाण्याला वरच्या कडेला पाइप दिलाय, तो पावसाळी गटारात जातो. भर जुलैतही रात्री साचलेलं पाणी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत गायब. फक्त गच्चीच्या पाइपाच्या तोंडाशी जाळी द्यायला विसरले, गुलमोहराच्या पाल्याने ते तुंबलं आणि जाळी आम्ही आमच्या खर्चाने बसवली. हा तो अर्धा तारा.

आता एका ताऱ्याचं.

पाण्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. सगळं बोलणं झाडांवर. 'लॉन काढून हे रान कशाला माजवलंत?' हा बी विंगचा पहिला हल्ला. मग साप. मग डास. एका काकांनी तर 'गवताला पैसे दिलेत?' असं लिफ्टमध्ये सगळ्यांदेखत विचारलं. लावलं काय होतं? तळात छत्रीगवत, कर्दळ आणि पाणकणीस, उतारावर वाळा, काठाला गवती चहा आणि पावसाळी लिली. यातलं पाणकणीस साफ चुकलं. त्याचे पाय सतत ओले लागतात आणि आपल्याकडे आठ महिने कोरडे. जानेवारीत त्याच्या काड्या झाल्या आणि विरोधकांना आयता पुरावा मिळाला. बाकी झाडांची निवड जाणकाराची होती. वाळ्याची मुळं खोल जातात, एप्रिलमध्येही तो तग धरून होता.

डासांचा मुद्दा मात्र मी लढवला. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठवडा लागतो आणि आमच्या खड्ड्यात पाणी दोन दिवसही टिकत नाही. महापालिकेची माणसं तपासणीला आली तेव्हा अळ्या सापडल्या त्या तिसऱ्या मजल्यावर, कुंड्यांखालच्या बशांमध्ये. कुणाच्या ते लिहीत नाही, त्या घरी रोज समोरासमोर भेट होते.

पण मत फिरलं ते या आकड्यांनी नाही. कंपनीच्या ताई दुसऱ्या जूनमध्ये आल्या, त्यांनी पाणकणीस उपटून तिथे तेरडा पेरला, कडेने गुडघ्याएवढी दगडी किनार बांधली आणि किनारीलगत वीतभर पट्टा कापून ठेवायला माळ्याला शिकवलं. आतलं गवत होतं तेवढंच उंच राहिलं. तेरडा गुलाबी झाला आणि तेच काका नातवाला घेऊन फुलपाखरं बघायला उभे. साप कुणालाच दिसला नव्हता, आता तो कुणाला आठवतही नाही. लोकांना गवताचा राग नसतो, या तुकड्याकडे कुणाचं लक्ष नाही अशी शंका आली की राग येतो. किनार दिसली की ती शंका जाते.

हे कंपनीला ठाऊक असणारच, कारण रोजचा धंदा हाच. मग पहिल्या वर्षी किनार का नाही? विचारलं तर म्हणाल्या, 'काका, कोटेशन कमी ठेवायचं होतं.' बरोबर आहे, आम्हीच घासाघीस करतो. तरी निदान एक फलक लावायला हवा होता: हे काय आहे, पाणी किती वेळ साचेल, उन्हाळ्यात पिवळं का पडेल. तो मी शेवटी स्वतः लिहून लॅमिनेट केला. हा तो एक तारा.

काम द्या, पण कोटेशनमध्ये किनार, जाळी, फलक आणि दुसऱ्या पावसाळ्याची एक भेट लिहून घ्या. झाडांच्या यादीवर 'आठ महिने कोरडं चालेल का' असा रकाना मागा. आणि कापणी फेब्रुवारीत नको, मे अखेरीला करा. आमच्याकडे वाळलेल्या गवतात बिया खायला मुनिया येतात आणि सकाळी सहा वाजता बी विंगच्याच बाल्कनीत गर्दी असते.