लोंबत्या पिटुनियाची तयार टोपली: साडेचारशे रुपये वसूल होतात का?

आधी निकाल सांगते. टोपली घ्या, पण डिसेंबर अर्धा व्हायच्या आत घ्या. मातीत बोट घालून बघू देत नसतील तर मुकाट्याने पुढच्या नर्सरीत जा.

पुणे-सोलापूर रस्त्याला मांजरीपासून उरुळी कांचनपर्यंत नर्सऱ्याच नर्सऱ्या आहेत, हे पुण्यातल्या झाडवेड्यांना सांगायला नको. त्यांतल्या एकीतून मी दर थंडीत सीझनल रोपं आणते. नर्सरीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. थोडं कौतुक आहे, थोडी तक्रार आहे, आणि तिथल्या मामांकडून मला पुढच्या वर्षीही शेवंती घ्यायची आहे.

वस्तू अशी: आठ इंची पांढरी प्लास्टिकची हँगिंग कुंडी, खाली चिकटवलेली बशी, वर तीन पायांचा प्लास्टिकचा आकडा. आत पिटुनियाची तीन रोपं, वेली कडेवरून वीतभर खाली आलेल्या आणि फुलं भरगच्च. मामा पाचशे म्हणाले, साडेचारशेला दिली. तिथेच शेडनेटखाली तेच रोप छोट्या पिशवीत चाळीस रुपयांना होतं. म्हणजे तीन रोपांचे एकशेवीस, कुंडीचे फार तर शंभर, आणि उरलेले पैसे कुणीतरी दीड-दोन महिने शेंडे खुडून वाढवली त्याचे. हा हिशेब डोक्यात ठेवून गेलात तर भाव करताना घासाघीस नीट होते.

पिशवीतलं घेताना मात्र एक गोष्ट विचारून घ्या. साधा पिटुनिया आणि लोंबता पिटुनिया कोवळेपणी अगदी सारखे दिसतात. साधा आधी गोल झुडूप होतो, मग मधून उघडा पडतो आणि काटक्यांसारखा उंच जातो. लोंबता वर जातच नाही. वीतभर उंचीत राहून तीन-चार फूट पसरतो आणि वेलीच्या प्रत्येक पेराला फूल देत जातो, फक्त शेंड्याला नाही. ही जात तशी नवीनच. ‘सरफिनिया’ नावाची लोंबती वाणं जपानच्या सनटोरी कंपनीने काढली. बियांपासून येणारं ‘पर्पल वेव्ह’ जपानच्याच किरीनने काढलं, आणि 1995 साली त्याला अमेरिकेत ऑल-अमेरिका सिलेक्शन्सचा पुरस्कार मिळाला. सनटोरी व्हिस्कीवाले, किरीन बिअरवाले. दारूच्या कारखान्यांनी आपल्या गॅलऱ्या सजवल्या, हे सासूबाईंना मी अजून सांगितलेलं नाही. आपल्याकडच्या टोपलीवर मात्र वाणाचं नाव नसतं. चिठ्ठीवर नुसतं ‘हँगिंग पिटुनिया’.

आता मातीतलं बोट. टोपलीत माती जवळपास नसतेच, निव्वळ कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असतं. नर्सरीच्या दृष्टीने ते बरोबर आहे, कारण टोपली हलकी राहते आणि टेम्पोत चळत लावता येते. पण कोकोपीटमध्ये स्वतःचं खाणं जवळजवळ काही नसतं. नर्सरीत रोज पाण्यातून खत मिळतं, आपल्याकडे आल्यावर नुसतं पाणी. म्हणून घरी आणल्यावर पहिले काही दिवस टोपली झकास दिसते आणि मग एकदम मलूल होते. लोक म्हणतात, आम्हाला झाडं लाभत नाहीत. लाभायचा काय संबंध? ते उपाशी असतं. बोट घालून बघायचं ते याचसाठी: कोकोपीट वरून ओलं आणि आत कोरडं खडखडीत असेल, तर ती टोपली एकदा पूर्ण सुकून गेलेली आहे. पूर्ण सुकलेला गड्डा लगेच पाणी धरत नाही, वरून घातलेलं बरंचसं कडेने निसटून जातं. अशा टोपलीवर फुलं कितीही असोत, परत ठेवून द्या. मामांनी मला नको न म्हणता एक टोपली आकड्यावरून उतरवली आणि गड्डा अलगद उचलून मुळं दाखवली. पांढरी, दोऱ्यासारखी होती. त्यांना पूर्ण गुण.

त्यांच्या सल्ल्याला मात्र अर्धेच. “ताई, एक दिवसाआड पाणी घाला, जास्त झालं की कुजतं.” जमिनीतल्या झाडाला हे ठीक आहे. आठ इंची कुंडी हवेत टांगलेली, चारी बाजूंनी वारा लागतो, वर तीन रोपांचा पसारा. माझ्याकडे जानेवारीपर्यंत रोज सकाळी आणि फेब्रुवारी तापला की संध्याकाळीही पाणी लागलं. वेळापत्रक लावण्यापेक्षा खालून तळहात लावून टोपली उचलून बघा. हलकी लागली की घाला, जड असेल तर राहू द्या.

आता खरं दुखणं. टोपली घरी रुळली, आणि वेलींचे शेंडे पिवळे पडायला लागले. फोन केला तर नर्सरीतल्या पोराने ऐकून न घेताच सांगितलं, “पाणी जास्त झालं.” पिटुनिया पिवळा पडला की सगळीकडे हेच एक उत्तर मिळतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पान तोडून उजेडात धरा. शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी, पण त्यांच्या शिरा हिरव्यागार, आणि खालची जुनी पानं धडधाकट, असं असेल तर लोह कमी पडलंय. उलट जुनी पानं आधी आणि सरसकट पिवळी पडत असतील तर नत्र कमी. आमच्या सोसायटीत अर्धं पाणी टँकरचं. बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो इतकं जड. अशा क्षारयुक्त पाण्याने मिश्रण हळूहळू अल्कधर्मी होतं, आणि मग त्यात लोह असूनही पिटुनियाला ते उचलता येत नाही. बाकीची झाडं निभावून नेतात, शेजारची तुळस आणि झेंडू त्याच पाण्यावर मजेत होते. पिटुनियाला मात्र थोडी आंबट बाजूची माती लागते, सामू (पीएच) साडेपाच ते सहाच्या आसपास.

हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचा साधा क्षार) टाकून बघा असं कुणीतरी सांगेल. चुनखडीच्या पाण्यात तो फार वेळ टिकत नाही. कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला उचलता येईल अशा रूपात बांधलेलं लोह, मिळतं, त्यात दोन प्रकार असतात: ईडीटीए आणि ईडीडीएचए. पाणी जड असेल तर दुसरा मागा. महाग आहे, पण सामू चढला तरी तो टिकतो. चिमूटभर लिटरभर पाण्यात घालून मुळाशी द्यायचा, पानांवर फवारायचा नाही. रंग काळपट लाल असतो आणि फरशीवर पडला तर डाग जाता जात नाही. आमच्या गॅलरीतल्या फरशीवर त्याचं प्रात्यक्षिक आहे. नवीन येणारी पानं हिरवी आली, पिवळी झालेली काही पूर्ण सुधारली नाहीत, ती मी खुडून टाकली. नर्सरीने टोपलीबरोबर या लोहाची एवढीशी पुरचुंडी दिली असती तरी मी पाचशे आनंदाने दिले असते.

खत म्हणाल तर आठवड्यातून एकदा एकोणीस-एकोणीस-एकोणीस (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं, पाण्यात विरघळणारं खत), लिटरला ग्रॅमभर, आधी साधं पाणी घालून मग. रोज पाणी निथळत असल्याने टोपलीतलं खत वाहून जातं, त्यामुळे सुट्टी घ्यायची नाही. गांडूळखत वरून मूठभर चालतं, पण नुसत्या त्याच्यावर एवढी फुलं येत नाहीत. सेंद्रियवाल्यांनी रागावू नये.

फुलं खुडण्याबद्दल एक खास तक्रार, आणि ही नर्सरीची चूक नाही, निसर्गाची आहे. पिटुनियाच्या पानांवर, देठांवर बारीक चिकट लव असते. तंबाखूच्याच कुळातला तो. मी घरी ब्लाऊज शिवते. सकाळी दहा-बारा वाळकी फुलं खुडली की बोटांना असा चिकटा बसतो की साबणानेही एका धुण्यात जात नाही, आणि त्याच हाताने गिऱ्हाइकाच्या पैठणीच्या काठाला हात लावायची सोय राहत नाही. म्हणून हे काम संध्याकाळी, मशीन झाकल्यावर. नशीब की लोंबत्या जातीला रोज खुडावंच लागतं असं नाही, वाळलेली फुलं बरीचशी आपोआप पानांआड दडतात. पण जानेवारीच्या शेवटी वेलींचा एक तृतीयांश भाग कात्रीने सरळ कापा. फुलं असलेल्या वेली कापताना जीव वर-खाली होतो, तरी कापा. नाहीतर वरची टोपली टकली होते आणि फुलं फक्त खाली वेलींच्या टोकाला उरतात. सगळ्या एकदम न कापता आज एका बाजूच्या, आठ-दहा दिवसांनी दुसऱ्या बाजूच्या असं केलंत तर गॅलरी ओकीबोकी दिसत नाही.

कळ्यांना गोल भोक दिसलं, पानांवर काळी खसखस पडलेली दिसली, की अळी आली समजा. ती पाकळ्यांच्याच रंगाआड बसते, दिवसा सापडत नाही. रात्री मोबाईलचा टॉर्च लावून वेचा. दोन-तीन अळ्याच असतात, त्यासाठी औषध आणायची गरज मला वाटली नाही.

टोपलीचं प्लास्टिक ही दुसरी तक्रार. पाणी घातलेली टोपली हातात घेऊन बघा, चांगलीच जड असते, आणि ते सगळं ओझं त्या तीन पायांच्या आकड्यावर. उन्हात प्लास्टिक ठिसूळ होतं. माझ्या टोपलीचा एक पाय संक्रांतीच्या सुमाराला कडकन तुटला. टोपली तिरकी लटकली, पडली नाही एवढंच. तिसऱ्या मजल्यावरून खाली पडली असती तर? पुण्यातल्या बोहरी आळीत लोखंडी साखळी आणि एस-हूक मिळतात, ते आधीच लावा. मामांना सांगितलं तर ते म्हणाले, “सगळे तेच आकडे वापरतात ताई.” हे काही उत्तर झालं नाही.

चिकटवलेल्या बशीबद्दल माझं मत इमारतीतल्या राजकारणावर अवलंबून आहे. झाडासाठी ती वाईट, पाणी साचतं आणि मुळं गुदमरतात. पण बशी काढली की पाणी थेट खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या दोरीवर. काकूंनी एकदा वर येऊन, आवाज अजिबात न चढवता, “तुमची फुलं छान आहेत हो, माझ्या पांढऱ्या चादरीवर उमटलीत,” असं सांगितलं. तेव्हापासून बशी ठेवते आणि पाणी घातल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी टोपली तिरकी करून बादलीत ओतते.

ऊन किती लागतं याबद्दल नर्सरीत कुणी आपणहून बोलत नाही. टोपल्या शेडनेटखाली असल्याने लोकांना वाटतं सावलीतलं झाड आहे. पाच-सहा तास थेट ऊन हवं, नाहीतर वेली लांब आणि फुलं विरळ. थंडीत सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे दक्षिणेची गॅलरी असेल तर तुम्ही भाग्यवान. माझी पूर्वेची आहे, बारा वाजेपर्यंतचं मिळतं, भागतं. उत्तरेची असेल तर या टोपलीचा नाद सोडा.

जानेवारीत का नको, तर एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन त्याच महिन्यात असतं. ते बघून सगळं पुणे नर्सऱ्यांकडे धावतं, भाव चढतात आणि उरलेल्या टोपल्या आधीच थकलेल्या असतात. शिवाय हे झाड मार्चअखेर आपल्या उन्हात संपतंच. जानेवारीच्या शेवटी घेऊन तुम्हाला किती दिवस मिळणार? एप्रिलनंतर त्याच कुंडीत मी ऑफिस टाइमच्या (चिनी गुलाबाच्या) काड्या खोचते. फुकट, आणि मेच्या उन्हातही हसतात. बी धरून पुढच्या वर्षी लावू म्हणाल तर संकराचं बी आईसारखं येत नाही. शिवाय बी इतकं बारीक की एका ग्रॅममध्ये हजारोंनी बसतं, शिंकलात तर गेलं.

गुण द्यायचे तर रोपाला पाचपैकी साडेचार, कुंडीला दोन, नर्सरीच्या सेवेला साडेतीन. फोनवरचा पोरगा नसता तर चार दिले असते.

रंगाचं विचाराल तर जांभळा घ्या. पसरतो सगळ्यांत जोमाने, आणि संध्याकाळी त्याला मंद वास येतो, जो गुलाबी-लालला फारसा नसतो. पांढऱ्या पट्ट्यांचा, ताऱ्यांचा प्रकार तीस-चाळीस रुपये जास्त लावून विकतात. तो घ्यायचा तर एवढं माहीत असू द्या की थंडी-उन्हाप्रमाणे त्याचे पट्टे रुंद-अरुंद होतात आणि कधी कधी एकाच वेलीवर सगळी फुलं वेगळी दिसतात. रंग बदलला म्हणून मामांशी भांडायला जाऊ नका, त्यात त्यांचा हात नाही. आकड्यासाठी मात्र जरूर भांडा.