गावात बनवलेली ट्रॅक्टर केबिन: लागणीपासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

रोटाव्हेटर (माती भुसभुशीत करणारं अवजार) चालू असताना केबिनच्या मागच्या खांबाचा वेल्ड तडकला. केबिन बनवणारा फॅब्रिकेटर म्हणाला, "वापरून तुटलंय, पैसे पडतील." केबिन वापरायलाच घेतली होती! ट्रॅक्टर पन्नास एचपीचा, टू-व्हील ड्राइव्ह. कंपनीची एसी केबिन परवडत नाही म्हणून बहुतेक जण हाच मार्ग धरतात, तेव्हा माप-साइज सांगत बसत नाही.

ऊन-धूळ थांबली, पण आवाज उघड्या ट्रॅक्टरपेक्षा वाढला. मोबाईलवर 94 डेसिबल. मोबाईल तंतोतंत नसतो, पण आधी-नंतरचा फरक कळतो. अमेरिकेतल्या नायॉश या कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या संस्थेच्या निकषाप्रमाणे 85 डेसिबलला आठ तास चालतात आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे 94 ला फक्त एक तास. आपण दिवसभर बसतो. संध्याकाळी कानात शिट्टी वाजायची.

फॅब्रिकेटरने वेगळे पैसे घेऊन आतून फोम चिकटवला. फरक शून्य. खरं दुखणं खाली होतं: केबिनचे पाय थेट मडगार्डला बोल्टने आवळलेले, त्यामुळे इंजिनचा सगळा थरकाप पत्र्यात चढायचा. वेल्डही त्यानेच गेला. आमच्या गावच्या मिस्त्रीने ॲक्सल हाउसिंगवर (मागच्या चाकांच्या आसाच्या कवचावर) ब्रॅकेट घेऊन मध्ये रबर माउंटिंग टाकले, पत्र्याला आतून डांबरी शीट मारली. आधी बोटाच्या पेराने वाजवलं की ठण्ण व्हायचं, आता नुसतं ठप्प. खाली भंगारातला कन्व्हेयर बेल्ट अंथरला. आवाज अडवायला वजन लागतं, फोमने ते होत नाही.

तरीही समाधान नव्हतं. रात्री पोराला खाली टॉर्च धरायला लावून मी आत काचा झाकून बसलो. हायड्रॉलिक लिव्हरच्या खाचेतून, क्लच-ब्रेकच्या पेडलभोवती, दाराच्या तळाशी उजेडाच्या रेघाच रेघा! जिथून उजेड, तिथून आवाज, धूळ आणि गिअरबॉक्सची धगही. लिव्हरला रबरी बूट (टोपणं) आणि दाराला बीडिंग (रबरी पट्टी) लावल्यावर आकडा 86 वर आला. या फटींचा खर्च सगळ्यात कमी आणि फायदा सगळ्यात जास्त. फॅब्रिकेटरने त्या पहिल्याच दिवशी बुजवायला हव्या होत्या, याचा राग अजून आहे.

फोमबद्दलचं मत मात्र बदललं. फटी बंद झाल्यावर छताचा फोम काढून पाहिला, तर आत घुमायला लागलं. परत लावला. आतला घुमारा तो खातो, बाहेरचा आवाज रोखत नाही.

केबिन बंद केली की हवा हवीच. ब्लोअरचं (हवा आत ओढणाऱ्या पंख्याचं) तोंड सायलेन्सरपासून लांब, छताच्या मागच्या बाजूला ठेवा, नाहीतर धूर आत येईल. आणि ट्रॅक्टर उलटला तर ही केबिन वाचवेल असं धरून चालू नका; त्यासाठी तपासलेली रोल-ओव्हर फ्रेम वेगळी असते, ती असेल तर कापू नका, तिला वेल्डही मारू नका.

उरली मागची काच. अवजार जोडताना ती उघडावीच लागते आणि तिचं बीडिंग सारखं निसटतं. सरकत्या काचेला फॅब्रिकेटरने सांगितलेला भाव मी देणार नाही. मिस्त्रीकडून दोन बिजागऱ्या आणि जाड बीडिंग टाकून घेतोय.