१ केव्हीएचा जनरेटर लायपो चार्जिंगला पुरतो का? आठ महिने वापरून

आरसी, म्हणजे रिमोटवर उडणाऱ्या विमानांचे लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी पॅक शेतात चार्ज करायला मार्चमध्ये छोटा पेट्रोल इन्व्हर्टर जनरेटर घेतला, आता नोव्हेंबर. मधले चार महिने तो भांडुपला आमच्या गॅलरीत जुनी चादर पांघरून बसला होता, तेही यात धरलंय. ब्रँड मुद्दाम लिहित नाही, या साइजचे बरेचसे सारखेच असतात, १३ किलोच्या आसपास वजन, दोन लिटरची टाकी, आणि वर लिहिलेलं १ केव्हीए हे जास्तीत जास्त, सलग चालवायचे फक्त ९०० व्हीए (व्हीए म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, हजार व्हीएचा एक केव्हीए).

त्याआधी गाडीच्या बॅटरीवर चार्ज करायचो. मुंबईत विमानतळामुळे रेड-यलो झोनची (उडवायला बंदी किंवा परवानगी लागते असे भाग) कटकट, म्हणून आम्ही आरसी विमानं उडवायला वांगणीच्या पुढे शेतात जातो. एकदा चार पॅक चार्ज केले आणि संध्याकाळी गाडी नुसतं टिक टिक करत बसली, शेवटी गावातल्या पोरांनी धक्का मारून दिला. त्या दिवशी ठरवलं, बास झालं.

आता हिशोब सांगतो, कारण माझा तिथेच पोपट झाला. माझे पॅक ६ एस ५००० एमएएच, म्हणजे एकामागे एक जोडलेले सहा सेल आणि ५ अँपिअर-तास क्षमता. दोन चार्जर, दोन पॅक, २ सी ने, म्हणजे क्षमतेच्या दुप्पट करंटने, प्रत्येकी १० अँपिअर, पॅक भरत येतो तेव्हा २५ व्होल्ट, असे दोघांचे मिळून ५०० वॉट. चार्जर आणि त्याआधीचा एसएमपीएस (एसीचा डीसी करणारा पॉवर सप्लाय) मिळून पाव भाग तरी गरम होण्यातच घालवतात, म्हणजे जनरेटरवर पडणार ६७० च्या आसपास. म्हटलं ९०० मध्ये आरामात बसतंय की.

पहिल्याच रविवारी दहा-बारा मिनिटांत ओव्हरलोडचा लाल दिवा. इंजिन धडधडतंय आणि आउटपुट गुल, मग बंद करून परत दोरी ओढा. तीनदा झालं, मला वाटलं पीसच खराब मिळाला, दुकानदाराला फोन करून उगाच चार शब्द सुनावले पण. नंतर मित्राचा प्लगमध्ये लावायचा मीटर लावून बघितलं तर वॉट ६०० दाखवतोय आणि व्हीए ९०० च्या वर! स्वस्तातला एसएमपीएस करंट सलग घेत नाही, व्होल्टेजच्या लाटेच्या टोकाला गपकन ओढतो, म्हणून पॉवर फॅक्टर (वॉट भागिले व्हीए) ०.६५ वगैरे येतो. पॅक भरत जातो तसं व्होल्टेज चढतं, लोडही चढतो, म्हणून ट्रिप लगेच न होता दहा मिनिटांनी व्हायचा. म्हणजे बघायचे ते व्हीए, चार्जरवर छापलेले वॉट नाही.

दुकानदार म्हणाला २ केव्हीएचा घ्या साहेब. मी लॅमिंग्टन रोडला जाऊन सर्व्हरमधला जुना पॉवर सप्लाय घेतला, १२ व्होल्टचा, पीएफसी वाला (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट असलेला), वायरिंग तिथेच करून घेतलं. तोच लोड आता ७०० व्हीएच्या आत. जनरेटरला स्वतःचं १२ व्होल्टचं सॉकेट आहे, त्याच्या नादी लागू नका, आठेक अँपिअर मिळतात आणि व्होल्टेजही स्थिर नसतं.

इको स्विच (लोड कमी असला की इंजिनाचा वेग उतरवणारा) चार्जिंग सुरू करताना बंदच ठेवायचा, नाहीतर लोड पडल्यावर इंजिन वेग घेईपर्यंत व्होल्टेज पडतं आणि चार्जर एरर देऊन मोकळा. एकदा लोड बसला की चालू करा. आवाज शेताच्या दुसऱ्या टोकाला फारसा जात नाही, पण जवळ बसून गप्पा मारायच्या तर ओरडावं लागतं, आणि धुराच्या बाजूला बसूच नका, ताडपत्रीखाली तर अजिबात नाही. दिवसभरात आठ पॅक केले की लिटरभर पेट्रोल जातं.

पावसाळ्यात मात्र माझी चूक झाली. टाकीत पेट्रोल तसंच राहिलं, हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल, ते हवेतलं पाणी खेचतं, आणि मुंबईची जुलैची हवा तर काय विचारूच नका. ऑक्टोबरमध्ये दोरी ओढून खांदा गेला, चालूच होईना, कार्ब्युरेटरचा जेट चोंदलेला, स्कूटरवाल्या मेकॅनिकने साफ करून दिला. आता घरी निघायच्या आधी पेट्रोलचा कॉक बंद करून तो आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो. सोसायटीच्या सेक्रेटरींनाही तेच हवंय, गॅलरीत पेट्रोलचा वास आला की लगेच बेल वाजते.

ग्रुपमधल्या एकाने २ केव्हीएचा घेतलाय, वीस किलोच्या वर, बांधावरून न्यायला दोघं लागतात. गेले दोन रविवार तो गाडीतच राहिला, आणि त्याचे पॅक माझ्या जनरेटरवर, पेट्रोल माझं.