जुन्नरच्या लोहाराकडून घडवून घेतलेला सुरा: चार महिन्यांच्या वापरानंतर

जुन्नरजवळच्या एका लोहाराकडून मी मार्गशीर्षात एक सुरा घडवून घेतला. डोंगरातल्या मुक्कामात वाळके सरपण फोडणे, तंबूच्या खुंट्या तासणे आणि भाजी चिरणे ही तिन्ही कामे एकाच पात्याने व्हावीत, एवढीच माझी मागणी होती. त्याआधी मागवलेल्या एका चकचकीत तयार सुऱ्याची धार बाभळीच्या पहिल्याच गाठीवर दुमडली होती, म्हणून या वेळी पाते डोळ्यांसमोर घडताना पाहायचे ठरवले.

पोलाद ट्रकच्या जुन्या कमानीच्या पाट्याचे होते. त्यात साधारण ०.६ टक्के कार्बन असतो, त्यामुळे ते पाणी, म्हणजे तापवून तेलात बुडवल्यावर येणारा कठीणपणा, चांगले धरते. मात्र भंगारातल्या पाट्यात न दिसणारी चीर असू शकते. कारागिराने पहिला पाटा दोरीला टांगून हातोडीने वाजवला, बद्द आवाज येताच बाजूला टाकला आणि दुसरा घेतला. पाते आठ इंच लांब व दीड इंच रुंद ठेवण्याचा आग्रह माझा होता, कारण नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते घरगुती वा शेतीच्या कामाचे नसेल, तर शस्त्रविषयक नियमांनुसार ते शस्त्रांत मोडू शकते.

या दुकानाचे खरे कसब धारेत दिसते. पाणी देताना धारेची बाजू मुद्दाम सुमारे एक मिलिमीटर जाड राखली होती, कारण आधीच पातळ केलेली कडा तेलात बुडवताच वाकते किंवा तडकते. तापलेल्या पात्याला चुंबक चिकटेनासा झाल्यावर थोडी आणखी आच देऊन ते तेलात सोडले, मग घासून उजळ केले आणि ठिसूळपणा कमी करण्यासाठी पाठीकडून हलकी ऊब देत धारेवर गव्हाळ पिवळा रंग उमटताच थांबवले. त्यानंतरची घासाई मी तासभर उभा राहून पाहिली. चाकावर पात्याचा एक फेरा झाला की पाते लगेच पाण्यात जाई. हातमोजे न घालता बोटे पात्याला टेकलेली असत, म्हणजे चटका आधी बोटांना कळे. कडा एकदा निळी पडली की तिथले पोलाद मऊ होते आणि ते पुन्हा पाणी दिल्याशिवाय सुधारत नाही, म्हणून ही सावधगिरी मला फार मोलाची वाटते. शेवटची धार दगडावर, दोन्ही बाजूंनी अंदाजे वीस अंशांत आणि किंचित फुगीर लावली.

चार महिन्यांत शेतातल्या बाभळीची छाटणी आणि पाच मुक्काम झाले. धार कुठेही दुमडली नाही, खपली उडाली नाही. फांद्या तोडून आल्यावरही पिकलेला टोमॅटो न दाबता कापला जातो.

उणिवा दोन आहेत. खैराच्या मुठीची मागची कड टोकदार राहिल्याने पहिल्याच दिवशी तळहाताला फोड आला. कारागिराने ती कड पैसे न घेता कानशीने गोल करून दिली. चामडी म्यान मात्र सैल आहे, आणि त्यात ओलसर ठेवलेल्या पात्यावर एका रात्रीत तांबूस डाग पडले. आता मी पाते पुसून खोबरेल तेलाचा हात फिरवतो आणि घरी म्यानाबाहेर ठेवतो.

बारा दिवस लागले आणि म्यानासह २,२०० रुपये पडले. वडिलांचा जुना कोयताही पाणी द्यायला त्याच दुकानात ठेवला असून तो पुढच्या आठवड्यात मिळेल.